आर्डिसच्या वाट्याचा फोन

मर्टल उल्नेसच्या मयताच्या जेवणात बन कमी पडले. बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? नॉर्डालमध्ये तसं कोणालाही वाटलं नाही. चर्चमधली प्रार्थना संपली, दफन झालं, की सगळ्यांनी चर्चच्या तळघरात उतरायचं आणि हॅम भरलेले बन, बटाट्याचं सॅलड, ट्रेमध्ये भाजून कापलेल्या दोन तरी प्रकारच्या गोड वड्या आणि पोटात मावेल तेवढी कॉफी घ्यायची, ही त्या गावाची रीत. बर्फाच्या वादळातही ती कधी मोडली नव्हती. ती मर्टलच्या वेळी मोडली. शेवटच्या दोन टेबलांवरच्या माणसांनी नुसतं सॅलड खाल्लं, आणि "भरपूर झालं हं, भरपूर," असं इतक्यांदा म्हटलं की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आर्डिस टोलेफसनला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

कारण चूक तिची होती. म्हणजे तिच्या फोनची होती, पण लोक फोनला थोडीच नावं ठेवतात?

गावात कोणी गेलं की पास्टर पहिला फोन आर्डिसला करत. आर्डिस चौघींना करी, त्या चौघी पुढे आणखी कोणाकोणाला, आणि तासाभरात कोणी हॅम कापायचं, कोणी बन आणायचे, कोणी कपबश्या काढायच्या हे सगळं ठरून जाई. या साखळीचं पहिलं टोक आर्डिसकडे तिच्या सासूकडून आलं होतं. निवडणूक वगैरे झाली नव्हती. सासूने एका दुपारी म्हटलं, "आता तूच कर," आणि आर्डिसने केलं. दिवसा ती धान्याच्या गोदामावर मका आणि सोयाबीनच्या ट्रकांचं वजन करायची, संध्याकाळी नवऱ्याच्या, ऑर्विलच्या, गाईंचं दूध काढायला हात लावायची, आणि मधेच फोन वाजला की हात पुसून चौघींना कळवायची. पुढे गाई गेल्या, गोदामातली नोकरी संपली, ऑर्विलही गेला. साखळी तेवढी राहिली. खरं सांगायचं तर त्या फोनवरच बाईचा दिवस उभा होता. गावातलं सुखदुःख पास्टरांच्या खालोखाल पहिल्यांदा आपल्याला कळतं, ही गोष्ट एकट्या घरात राहणाऱ्या माणसाला किती पुरते, हे राहिल्याशिवाय समजायचं नाही.

ऑर्विल गेल्यावर मुलाने, कर्टिसने, भिंतीवरचा फोन काढून टाकला. "दोन-दोन बिलं कशाला, आई?" असं म्हणून त्याने तिला आपल्या घरच्या मोबाइलच्या खात्यात घेतलं आणि एक घडीचा फोन हातात दिला. त्या फोनची बिजागरी केव्हाच तुटली होती. आर्डिसने वायरमनची काळी पट्टी गुंडाळून तो चालवला होता. मर्टल गेली त्या सकाळी तिसरीशी बोलता बोलता फोनने मान टाकली. चार्जरला लावला, तो डोळे उघडतोय तोच पास्टरांचा पुन्हा फोन आला, गाण्याचं विचारायला. त्या गडबडीत चौथी राहूनच गेली. बन चौथीकडे होते.

जेवण उरकल्यावर सिंकपाशी लव्हॉन स्कोगेन कप विसळत होती. साखळीतली दुसरी ती. शाळेपासूनची मैत्रीण.

"आर्डिस," ती कपाकडे बघत म्हणाली, "आमच्या मनात येत होतं, तुलाही आता जरा विश्रांती हवी असेल."

नॉर्डालमध्ये माणसाला याहून स्पष्ट शब्दांत काढून टाकत नाहीत.

"विश्रांती काय, आहेच की," आर्डिस म्हणाली.

"नाही, म्हणजे पुढच्या गुरुवारच्या बैठकीत बोलू कधीतरी. घाई नाही."

पुढच्या गुरुवारी आणि घाई नाही! आर्डिसने टॉवेल जागेवर टांगला आणि मनाशी ठरवलं, गुरुवारच्या आत नवा फोन.

शुक्रवारी ती तालुक्याच्या गावी गेली. रस्त्याच्या कडेचं बर्फ काळं पडून वितळत होतं. फोनचं दुकान किराण्याच्या मोठ्या दुकानाला लागून. आत शिरल्या शिरल्या एका पोरसवदा माणसाने तिचं नाव विचारून भिंतीवरच्या पडद्यावर टाकलं आणि बसायला सांगितलं. दुकानात तिच्याशिवाय एकच गिऱ्हाईक होतं. तरीही बसायचं होतं.

काउंटरवरची बाई चाळिशीची, रोंडा नावाची, गोल चेहऱ्याची, बोलण्यावरून इथलीच. आडनावाबिडनावाच्या भानगडीत न पडता तिने सुरुवात केली.

"तुम्ही नव्या फोनसाठी पात्र आहात का ते बघते हं, आर्डिस."

"पात्र?" आर्डिसला गंमत वाटली. तिची पात्रता शेवटची कोणी तपासली होती ती लहानपणी, धर्मशिक्षणाच्या वर्गात, आणि तेव्हासुद्धा प्रश्न आधी सांगितले होते.

रोंडाने बटणं दाबली. कपाळाला आठी पडली.

"तुमच्या नंबरावर गेल्या डिसेंबरात नवा फोन घेतलेला दिसतोय."

"कोणी?"

"तुम्ही."

आर्डिसने पर्समधून आपला फोन काढून काचेवर ठेवला. काळी पट्टी एका बाजूने सुटली होती. रोंडाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं गुरांचे डॉक्टर बसलेल्या गाईकडे पाहतात.

"इथे तर पांढरा म्हणतंय. मोठा, टचस्क्रीनचा."

पांढरा. आर्डिसच्या डोळ्यांपुढे कर्टिसच्या घरचं नाताळचं झाड आलं, आणि त्याच्याखाली मांडी घालून बसलेली नात केल्सी, पांढऱ्या फोनवरचं प्लॅस्टिक सोलत असलेली. त्याच्या आधी सून जीनाचा फोन. त्याच्या आधी कर्टिसचा स्वतःचा. दर दोन वर्षांनी कंपनी आर्डिसच्या नंबरापुढे एक फोन ठेवत आली होती, आणि दर दोन वर्षांनी तो दुसऱ्याच्या खिशात गेला होता.

"मग आता माझा नंबर कधी?"

"पुढच्या वर्षी, डिसेंबरात. नाहीतर पूर्ण किमतीत आजसुद्धा देते."

आता कोणी म्हणेल, बँकेत पैसे असतील ना, घ्यावा की बाईने पूर्ण किमतीत आणि मोकळं व्हावं. पैसे होते. पण जे कंपनी दर दोन वर्षांनी जवळजवळ फुकट देते म्हणून जाहिराती करते, ते आपल्याला दामदुपटीने घ्यावं लागावं, आणि तेही आपल्याच वाट्याचं दुसऱ्याने खाल्लं म्हणून, हे आर्डिसच्या घशाखाली उतरेना. आणि ते उतरू नयेच.

रोंडाने पडद्यावर आणखी काहीतरी वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. "तुम्ही आठ वर्षं आमच्याकडे आहात. निष्ठावान ग्राहकांसाठी मुदतीआधी एक फोन देता येतो. विनंती टाकून बघू का?"

आर्डिसचं मन 'हो' म्हणालं. आणि तोंड म्हणालं, "छे छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

म्हणाली आणि थांबली.

त्या मुलखात कोणालाही कॉफी विचारा, पहिल्यांदा 'नको' येणार. ती नुसती सभ्यता. दुसऱ्यांदा विचारलं तरी 'नको', कारण समोरचा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं, हे बघायला नको का? तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर अर्धा कप." आणि मग तो कप काठोकाठ भरायचा. पहिल्याच वेळी 'हो' म्हणणारा माणूस उपाशी तरी असावा, नाहीतर परगावचा. हे रोंडाला माहीत नव्हतं असं नाही. तिने तोंड उघडलंही होतं. पण तिच्यापुढच्या पडद्यावर 'हो' आणि 'नको' एवढे दोनच चौकोन होते, आणि मागे उभा असलेला मॅनेजर कोणाला किती वेळ दिला ते बघत होता. तिने 'नको' दाबलं.

"झालं तर मग. आणखी काही मदत करू?"

"नाही, नाही. फार छान दुकान आहे तुमचं," आर्डिस म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

गाडीत ती बराच वेळ किल्ली हातात धरून बसली. स्वतःचाच राग येत होता. मग ती उठली, पुन्हा आत गेली, पुन्हा पडद्यावर नाव लागलं, पुन्हा खुर्ची.

"मी विचार केला," ती रोंडाला म्हणाली, "ती विनंती टाकलीत तरी माझी काही हरकत नाही."

रोंडा कानापर्यंत लाल झाली. "एकदा नको म्हटलं की तीन महिने ती सवलत उघडतच नाही हो. शिवाय आता बघते तर खातं तुमच्या मुलाच्या नावावर आहे. सही त्यांची लागते."

"मग मी कोण?"

"तुम्ही चौथी लाइन."

"ऊफ दा," आर्डिस म्हणाली. तिच्या आजीपासून चालत आलेला तेवढा एकच उद्गार तिच्यापाशी होता, आणि इतक्या योग्य जागी तो याआधी क्वचितच पडला असेल.

रोंडा काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "माझ्या आईला मी दुसऱ्यांदा विचारलं असतं."

"मग मला का नाही विचारलंत?"

रोंडा काही बोलणार, तेवढ्यात पडद्यावर पुढचं नाव आलं.

रविवारचं जेवण कर्टिसकडे असे. मांस भाजलेलं, सोबत गाजरं. आर्डिसने आधी पावसापाण्याचं बोलून घेतलं, मग पेरणीचं. कर्टिस बियाणं विकायला गावोगाव फिरतो, त्यामुळे पेरणीवर तो खूप बोलला. मग ती गाजर कापता कापता म्हणाली, "परवा फोनच्या दुकानात गेले होते. तिथली बाई म्हणाली, मी डिसेंबरात पांढरा फोन घेतला."

केल्सीने आपला फोन मांडीखाली सरकवला.

"आई," कर्टिस म्हणाला, "आम्ही तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, मला काय करायचाय नवा फोन."

"म्हणाले होते."

"त्याच्या आधीही. दर वेळी."

"दर वेळी म्हणाले."

"मग?"

"दर वेळी एकदाच म्हणाले," आर्डिस म्हणाली.

जीना न्यू जर्सीची. दातांच्या डॉक्टरांकडे कामाला, बोलायला खणखणीत. तिने काटा खाली ठेवला. "एक मिनिट. आर्डिस, तुम्ही 'नको' म्हणालात. नको म्हणजे नको. आमच्याकडे कोणी विचारलं आणि हवं असलं तर माणूस हो म्हणतो, आणि नसलं तर नको म्हणतो. यात कठीण काय आहे?"

"तुझं बरोबर आहे. तू इथली नाहीस," आर्डिस म्हणाली. "हा इथला आहे. याला मी वाढवलाय."

कर्टिस ताटात बघत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. दर दोन वर्षांनी, आईच्या पहिल्या 'नको' नंतर दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं गावच्या पास्टरांनाही नसेल. त्याने विचारलं नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारलं तर ती 'बरं' म्हणायचा धोका होता. रीत पाळली नाही असं कोणी म्हणू शकणार नाही आणि फोनही मिळेल, अशी ती बेमालूम सोय होती. कंपनीला नावं ठेवावीत, अवश्य ठेवावीत. ज्याला काहीच द्यावं लागत नाही त्यालाच जे निष्ठावान म्हणतात त्या लोकांना कितीही नावं ठेवली तरी थोडीच. पण चौथ्या लाइनीचा फोन कंपनीने नव्हता खाल्ला.

जीनाच्या डोक्यात आता भलताच प्रकाश पडत होता. "थांबा. म्हणजे माझ्या आईकडे ईस्टरला येता का असं मी विचारलं होतं, तेव्हा—"

"यायचं होतं मला."

"देवा! आणि जेवणघरातलं ते कपाट देऊ का म्हटलं होतं?"

"ते मात्र खरंच नको होतं. फार अवजड आहे."

"आता मी कसं ओळखायचं कुठलं खरं?"

"दुसऱ्यांदा विचारायचं," आर्डिस म्हणाली. "एवढंच आहे ते."

कर्टिसने घसा खाकरला. "माझ्या नंबरावर नवा फोन घ्यायची पाळी आलीय गेल्या आठवड्यात. तो तू घे."

"छे, तुला कामाला लागतो."

"घे, आई."

"तुझ्या फोनची काच तडकलीय. मी बघितलीय."

"आई, मी म्हणतोय ना, घे."

"बरं," आर्डिस म्हणाली, "आता तू म्हणतोच आहेस तर."

"हे आत्ता काय झालं?" केल्सीने आईला विचारलं. "आजीला पहिल्यांदाच हो म्हणता आलं असतं की." जीनाने आर्डिसच्या ताटात न विचारता आणखी एक बटाटा वाढला.

मंगळवारी फोन आला. मोठ्या बटणांचा, मोठ्या आवाजाचा, कागदोपत्री कर्टिसचा. आर्डिसने त्यात चौघींचे नंबर घातले आणि दिवसभर तो चार्जरवरून उचललाच नाही, भरलेला असूनही.

गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका जमल्या. कॉफी झाली, वड्या झाल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि आवाज शक्य तितका मऊ केला. "फोनच्या साखळीबद्दल थोडं. आर्डिसने इतकी वर्षं केलंय, आपण सगळ्याच तिच्या ऋणी आहोत. तर आता तिला जरा मोकळीक द्यावी, असं काहींच्या मनात आलं. लव्हॉन बघेल म्हणते."

"मी कसली!" लव्हॉन लगेच म्हणाली. "मला काही हौस नाही बाई. आर्डिसला ठेवायचं असेल तर तिनेच ठेवावं."

आता पुढचं सगळ्यांना पाठ होतं. आर्डिसने म्हणायचं, नाही गं, तू माझ्यापेक्षा छान करशील. लव्हॉनने म्हणायचं, मला कुठे जमणार? आर्डिसने आणखी एकदा आग्रह करायचा. मग लव्हॉनने सुस्कारा सोडून म्हणायचं, बरं, तुम्ही सगळ्या म्हणताच आहात तर. बायकांनी कप उचललेसुद्धा होते.

आर्डिसने लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉनचा हार्लन गेल्या पानगळीपासून वृद्धाश्रमात होता आणि बायकोला ओळखत नव्हता. ती रोज दुपारी जाऊन त्याच्या शेजारी बसे आणि संध्याकाळी घरी येई. त्या घरात फोन वाजत नसे. आर्डिसला हे जेवढं माहीत होतं तेवढं त्या खोलीत दुसऱ्या कोणालाच नव्हतं. लव्हॉनच्या त्या 'हौस नाही'च्या पोटात काय आहे, तेही तिला कळत होतं. आठवडाभर दुसरा कोणता विषयच तिच्या डोक्यात नव्हता.

"बरं तर," ती म्हणाली. "मग मीच ठेवते. फोन नवा घेतलाय."

कप बशीवर टेकल्याचे दोन-तीन आवाज झाले. अध्यक्षबाईंनी एकदा आर्डिसकडे पाहिलं, एकदा लव्हॉनकडे, आणि टेबलक्लॉथचा विषय काढला.

लव्हॉन हसरी बसून राहिली. टेबलक्लॉथच्या रंगाबद्दल तिने दोनदा मतही दिलं. इथल्या बायका रडायचं झालं तर घरी जाऊन रडतात.

बाहेर गाड्यांपाशी मात्र ती थांबली होती, कोटाच्या खिशात हात घालून. आर्डिसला वळसा घालून जाता आलं असतं. ती गेली नाही.

"तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस," लव्हॉन म्हणाली.

"नाही विचारलं."

"मला हवं होतं ते."

"माहीत होतं मला."

जन्मात पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींशी इतकं सरळ बोलत होत्या. दोघींनाही त्याची सवय नव्हती. चर्चच्या छपरावरून वितळलेल्या बर्फाचं पाणी टपटपत होतं.

"मग का?" लव्हॉनने विचारलं.

"कारण मलाही हवं होतं," आर्डिस म्हणाली. "माझ्याकडेही दुसरं काही नाही, लव्हॉन."

लव्हॉनने ते ऐकून घेतलं. ती "असू दे" म्हणाली नाही, आणि "काही हरकत नाही" म्हणाली नाही. नॉर्डालमध्ये एवढं न म्हणणं म्हणजे पुष्कळच झालं. ती गाडीत बसली, इंजिन चालू केलं, मागे घेतली. मग थांबून काच खाली केली.

"चालतो का नीट तो नवा?"

"चालतो. आवाज मोठा आहे त्याचा."

"मग लावत जा," लव्हॉन म्हणाली. "कोणी मेलं नसलं तरी."

काच वर गेली. आर्डिस गाडी रस्त्याला लागेपर्यंत उभी राहिली. घरी पोचल्यावर तिने कोट काढला नाही, आधी फोन काढला. मग लक्षात आलं की लव्हॉन अजून वाटेतच असेल. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर कोट घालूनच बसली, तिला घरी पोचायला वेळ देत.